पेशीची दुरुस्ती : दोन प्रश्न

२०२५ च्या नाताळची मिस्सा आटोपून लोक आपापल्या घरी पांगले होते. अकोल्यात पदवीचे शिक्षण घेणारी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी मात्र आपल्या आईसह मागे थांबली होती. मुलगी सिकलसेलची रुग्ण आहे. वऱ्हाडात थंडी पडली की तिची हाडे दुखू लागतात. म्हणून ती अंगाभोवती शाल लपेटून बसली होती. मोबाइलवर जपून ठेवलेली एक बातमी तिने मला दाखवली. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत केंद्रीय विज्ञानमंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी सिकलसेलवरील पहिल्या भारतीय जनुक-संपादन उपचाराची घोषणा केली होती. भगवान बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थ त्याला 'बिरसा १०१' असे नाव देण्यात आले आहे.

मुलीने विचारले, “फादर, पेशीतलं जनुक बदलणं म्हणजे देवाच्या कामात हात घालणं नाही का? हे पाप आहे का?”

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो. तोच तिची आई मध्येच म्हणाली, “पाप-बिप राहू द्या जी फादर. माह्या पोरीले थे औषध भेटन का, एवढं सांगा.” या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला आहे.

त्या दिवसापासून हे दोन प्रश्न माझ्या मनात शेजारी शेजारी बसले आहेत. पहिला प्रश्न धर्मगुरूला विचारण्याचा आणि दुसरा डॉक्टरला किंवा सरकारला विचारण्याचा, अशी विभागणी कोणीही सहज करील. मीही प्रथम तशीच केली. परंतु जसजसा विचार केला तसतसे मला वाटू लागले की, नीतीच्या दृष्टीने आईचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्याला बगल देऊन मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. वाचकांपुढे हा विचार क्रमाने मांडण्याचा येथे प्रयत्न करीत आहे.

एका अक्षराची कथा

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते व ते शरीरभर प्राणवायू वाहून नेते. ते कसे घडवायचे याची सूचना पेशीच्या जनुकात रासायनिक अक्षरांनी लिहिलेली असते. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका जागी एका अक्षराऐवजी दुसरे पडते आणि त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच. परंतु प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, मऊ व गोल पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. मग हाडे ठणकतात, छाती भरून येते, प्लीहा निकामी होते, कधी मेंदूलाही इजा पोहोचते. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, हा एका रेणूचा आजार आहे. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत तो प्रथम आढळला. विदर्भात आदिवासी जमातींत आणि बौद्ध समाजात या जनुकाचे प्रमाण विशेष आहे. मात्र ते कोणत्याही एका जातीची किंवा धर्माची मक्तेदारी नाही.

आई आणि वडील या दोघांकडूनही हे जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक होते आणि सामान्यतः निरोगी जगते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल जन्मण्याची शक्यता चारांत एक असते.

या बदलाला सरसकट चूक म्हणतानाही सावध राहावे असे एक सत्य आहे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत सिद्ध केले की, ज्यांना हे जनुक एकाच बाजूने मिळाले आहे त्यांचे जीवघेण्या हिवतापापासून बऱ्याच अंशी रक्षण होते. जंगलाच्या कडेने राहणाऱ्या पूर्वजांना ज्याने तारले तेच एका नातवाला मारते. निसर्ग हा आपल्या सोयीने शुद्ध किंवा दूषित असा विभागता येत नाही. 'सदोष वंश' असे शब्द ज्यांच्या ओठी सहज येतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

या अक्षराची बाधा दूर करण्याचे साधन आज माणसाच्या हाती आले आहे. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी २०१२ मध्ये 'क्रिस्पर' हे जनुक कापण्याचे तंत्र मांडले व त्यासाठी त्यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या सिकलसेलवरील उपचाराला मान्यता दिली. या उपचारात रुग्णाच्या रक्तातील मूळ पेशी काढून घेतात व प्रयोगशाळेत त्यांच्यातील एक कळ बंद करतात. आईच्या उदरात असताना प्रत्येक बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील वेगळे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर त्याची निर्मिती जवळजवळ थांबवते. बंद केलेली कळ ही ती निर्मिती थांबवणारी असते. त्यामुळे गर्भातील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते व पेशी वाकत नाहीत. आजारी अक्षर जागच्या जागी राहते; शरीर आपलेच विसरलेले काम पुन्हा आठवते.

माझी चूक

पुढे जाण्यापूर्वी मला स्वतःविषयी काही सांगणे भाग आहे. या मुलीला एक थोरला भाऊ होता. सुमारे वीस वर्षांपूर्वी, गुरुदीक्षा होऊन मला थोडीच वर्षे झाली असताना, मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या गावांत मी मिस्सेसाठी जात असे. या बाईने एकदा तो मुलगा माझ्यापुढे उभा केला. “रातभर हाडं हाडं करते. देवानं कायची शिक्षा देल्ली याले?” असे तिने विचारले होते.

ही शिक्षा नव्हे, असे मी तिला सांगितले. ते योग्यच होते. त्यानंतर मी तिच्याशी क्रुसाविषयी बोललो. आपले दुःख प्रभूच्या दुःखाशी जोडले असता ते व्यर्थ जात नाही, हेही सांगितले. त्यातही असत्य काही नव्हते. परंतु मुलाचे रक्त तपासले आहे काय, एवढे मी विचारले नाही. मला ते सुचलेच नाही. नागपूरच्या सेमिनरीत मी दुःखाचे तत्त्वज्ञान शिकलो होतो. दुखणाऱ्या हाडाकडे पाहायला शिकलो नव्हतो. चौदाव्या वर्षी ताप आणि छातीतील कळ यांचे निमित्त होऊन तो मुलगा रुग्णालयाच्या वाटेवर गेला. त्याची लक्षणे ऐकून परिचारिकेचे काम करणाऱ्या एका धर्मभगिनीने सर्व कुटुंबाच्या रक्ताची तपासणी करवून घेतली, तेव्हा पाळण्यातील मुलगीही रुग्ण असल्याचे कळले. ती वेळीच कळली म्हणून आज ती अकोल्याला महाविद्यालयात जाते.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील प्रसंग तेव्हापासून मी वेगळ्या रीतीने वाचतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले की, पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. आणि मग त्याने माती मळली, आंधळ्याच्या डोळ्यांना लावली व त्याला धुवायला पाठवले. शिष्यांना कारण हवे होते. प्रभूने उपचार केला. मी शिष्यांपेक्षा थोडे बरे उत्तर दिले होते, परंतु हात मात्र मातीला लावला नव्हता.

क्रुसाचा अर्थ दुःख टिकवून ठेवणे असा ख्रिस्तसभेने कधीही केलेला नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना वेदना शमवणारी औषधे घेणे नीतीला धरून आहे असे स्पष्ट केले होते. ज्या दुःखावर इलाज नाही ते प्रेमाने सोसावे. ज्यावर इलाज आहे ते दुसऱ्याला सोसायला लावणे हा क्रुसाचा अनादर होय.

हात घालण्याचा अधिकार

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. देवाच्या कामात हात घालणे म्हणजे नेमके काय? देवी रोगाची लस टोचणे, मोतीबिंदू काढणे, मूत्रपिंडाचे आरोपण करणे या सर्वांच्या वेळी हा आक्षेप घेतला गेला आहे. निर्मात्याने माणसाला बुद्धी दिली ती तिजोरीत ठेवण्यासाठी दिली नाही. निर्मिती पूर्ण होऊन थांबलेली नाही, आणि तिची निगा राखण्याचे काम माणसावर सोपवलेले आहे, हे आपल्या परंपरेचे जुने प्रतिपादन आहे. जनुक हा शरीराचाच भाग होय. हाडाला हात लावणे पवित्र आणि जनुकाला हात लावणे अपवित्र, असा भेद करण्यास काही आधार नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'दिग्नितास पेर्सोने' या रोमच्या दस्तऐवजात, रुग्णाच्या शरीरपेशींवर केवळ उपचाराच्या हेतूने केलेले जनुकोपचार तत्त्वतः ग्राह्य मानले आहेत. त्या अर्थी मुलीला मी निःसंकोचपणे 'पाप नाही' असे सांगू शकतो.

परंतु तो दस्तऐवज तेथेच थांबत नाही आणि आपणही थांबू नये. तीन मर्यादा विचारात घेतल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा वारशाची. शरीरपेशीत केलेला बदल त्या रुग्णाबरोबर संपतो. कॅसजेव्हीने बऱ्या झालेल्या स्त्रीचे मूल तेच जुने अक्षर घेऊन येऊ शकते. याउलट बीजपेशीत किंवा गर्भाच्या आरंभीच केलेला बदल पिढ्यान् पिढ्या उतरतो. ज्यांची संमती घेता येत नाही अशा, अद्याप न जन्मलेल्या माणसांवर तो प्रयोग असतो. २०१८ मध्ये चीनमधील हे जियानकुई या संशोधकाने गर्भाचे जनुक बदलून जुळ्या मुलींना जन्मास आणल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरातील शास्त्रज्ञांनीच त्याचा निषेध केला व पुढे त्याला तुरुंगवास झाला. रोमने बीजपेशींतील हस्तक्षेप, त्यातील धोके आजच्या प्रमाणे अनियंत्रित असेपर्यंत, अग्राह्य ठरवला आहे.

दुसरी मर्यादा हेतूची. दुखणे दूर करणे वेगळे आणि आपल्या आवडीचा माणूस घडवणे वेगळे. आज वेदना टाळण्यासाठी वापरलेले हत्यार उद्या उंची, रंग आणि बुद्धी यांचा बाजार मांडण्यासाठी वापरले जाऊ शकते. तेथे काही माणसे दुसऱ्यांच्या माणूसपणाचे मोजमाप ठरवू लागतात. ज्या देशात जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याची सवय हजारो वर्षे टिकली, त्या देशाने या धोक्याविषयी इतरांपेक्षा अधिक जागे असावयास हवे.

तिसरी मर्यादा किमतीची. येथे मी पैशांविषयी बोलत नाही. संपादित पेशी शरीरात परत सोडण्यापूर्वी जुन्या अस्थिमज्जेला जागा रिकामी करावी लागते. त्यासाठी बुसल्फान नावाचे तीव्र औषध देतात. त्यामुळे केस गळतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि अपत्यप्राप्तीची क्षमता कायमची जाऊ शकते. विशीतील मुलीने हा निर्णय कसा घ्यावा? तिला सर्व काही तिच्या भाषेत, घाई न करता समजावून सांगितलेले असावे. आणि तिचा होकार हा गरिबीने किंवा घाबरलेल्या नातेवाइकांनी वदवून घेतलेला नसावा. सहीच्या जागी घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

यंत्राची बुद्धी आणि कोणाचे रक्त

या कार्यात आता कृत्रिम बुद्धिमत्ता सामील झाली आहे. प्रथिनांची घडी कशी पडते हे शोधण्यासाठी पूर्वी एकेका प्रथिनावर वर्षे खर्च होत. डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांनी बनवलेली संगणकप्रणाली तो आकार थोड्या वेळात वर्तवते, तर डेव्हिड बेकर यांनी निसर्गात नसलेली प्रथिने संगणकाच्या साहाय्याने घडवली. या तिघांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आता जनुक कापणाऱ्या नव्या कात्र्यांची रचना करण्यासाठी आणि कात्री चुकीच्या जागी चालेल काय याचा अंदाज बांधण्यासाठीही अशा प्रणालींचा उपयोग होत आहे. संश्लेषी जीवशास्त्राने पेशीकडे एखाद्या यंत्रासारखे पाहिले. कृत्रिम बुद्धिमत्तेने त्या यंत्राचा आराखडा काढण्याचा वेग वाढवला.

या ज्ञानाचे मला भय वाटत नाही, कौतुकच वाटते. परंतु यंत्र जे शिकते ते त्याला दिलेल्या नोंदींवरून शिकते. जगातील जनुकांच्या नोंदींत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार मोठा आहे. त्याचा परिणाम काल्पनिक नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, सिकलसेलच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या कात्रीला चुकीची जागा मिळवून देऊ शकेल असा एक जनुकीय फरक मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो. म्हणजे ज्यांना हा आजार सर्वाधिक त्यांच्याच रक्तातील तो फरक. आणि केवळ सर्वसाधारण नकाशा पाहणाऱ्याच्या नजरेतून तो निसटला असता. भारतात 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची नोंद पूर्ण करून २०२५ च्या जानेवारीत ती संशोधकांसाठी खुली केली. ही फार मोलाची सुरुवात आहे. मात्र डोंगरातील कोरकू कुटुंबाने दिलेल्या रक्ताच्या थेंबातून जे ज्ञान निर्माण होईल, त्याचे फळ त्या डोंगरापर्यंत परत पोहोचले पाहिजे. एरवी ती देणगी न राहता वसुली होते.

२०२५ च्या जानेवारीतच रोमने कृत्रिम बुद्धिमत्तेवर 'आंतिकुआ एत नोवा' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. आरोग्यसेवेत या साधनाने रुग्ण आणि उपचारक यांच्यातील नाते पुसून टाकू नये व श्रीमंतांना वेगळे वैद्यक आणि गरिबांना वेगळे अशी फाळणी करू नये, असा इशारा त्यात आहे. यंत्राला वेदना मोजता येईल. सोबत करता येणार नाही. हाडांच्या वेदनेने रात्र काढणाऱ्या मुलाला कोणीतरी पाणी पाजावे लागते.

वऱ्हाडाला जनुक नवे नाही

वाचकांना कदाचित वाटेल की हे सर्व फार दूरचे आहे. वस्तुतः बदललेले जनुक वऱ्हाडात प्रथम आले ते कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीतून. २००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाला केंद्रीय परवानगी मिळाली. मातीतील एका जीवाणूचे जनुक कपाशीच्या पेशीत घालण्यात आले होते व त्यामुळे बोंडअळीला मारक असे प्रथिन झाडच तयार करू लागले. अमेरिकन बोंडअळीचा उपद्रव कमी झाला, फवारण्या घटल्या, उत्पन्न वाढले. हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. अमरावती व अकोला जिल्ह्यांत थोड्याच वर्षांत साधी सरकी जवळजवळ दिसेनाशी झाली.

परंतु पुढची कथाही आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या वर्षांत ४५० ग्रॅमच्या पिशवीला सुमारे १६०० रुपये पडत. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने आवाज उठवल्यावर ही किंमत निम्म्याहून खाली आली. विज्ञान तेच होते, पिशवीही तीच होती. संकरित बियाणे असल्यामुळे घरची सरकी राखून पेरण्याची सोय नव्हती. अळीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावणे आवश्यक होते, आणि त्यासाठी वेगळी पुडी पिशवीत येत असे. ती का लावायची हे बहुतेकांना कोणी बांधावर येऊन पटवून दिले नाही. दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या ओळी म्हणजे वाया गेलेली जमीन वाटली. शेंदरी बोंडअळीने त्या प्रथिनाला दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील उभी कपाशी पोखरली गेली. नुकसान झाले ते पेरणाऱ्याचे आणि वेचणाऱ्याचे.

या अनुभवातून मी विज्ञानविरोधाचा धडा घेत नाही. मी एवढेच शिकलो की, पेशीतील बदल कितीही अचूक असला तरी तो किमतीच्या, मालकीच्या, समजुतीच्या आणि विश्वासाच्या जगात उतरतो. आणि तेथे काही चुकले तर भार सर्वांत दुबळ्याच्या खांद्यावर पडतो. ज्या बाईने तो कापूस वेचला तिनेच मला विचारले की, माझ्या पोरीला ते औषध मिळेल का. तिचा प्रश्न अडाणी नव्हता. अनुभवाने शहाणा झालेला तो प्रश्न होता.

मिळेल का?

कॅसजेव्हीची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर ठरली; तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. कापूस वेचणाऱ्या कुटुंबाला हा आकडा निरर्थक आहे. आशेला जागा आहे, कारण आपल्या राज्यात एक उदाहरण घडले आहे. रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच प्रतिकारक पेशींना नवी ओळख देऊन लढायला पाठवण्याचा उपचार मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा स्मारक केंद्राने मिळून विकसित केला. 'नेक्सकार १९' या नावाच्या त्या उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे उद्घाटन केले. परदेशात ज्याला काही कोटी लागतात ते येथे ३० ते ४० लाखांच्या आसपास आले. खर्च दहाव्या हिश्शावर आणता येतो, हे यातून सिद्ध झाले. तरीही ३० लाख म्हणजे आमच्या धर्मग्रामातील बहुतेकांच्या आयुष्यभराच्या मजुरीहून अधिक. बिरसा १०१ चे तंत्र दिल्लीच्या आयजीआयबी या शासकीय संस्थेतील शास्त्रज्ञांनी घडवले व ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले. घोषणा झाली तेव्हा माणसांवरील चाचण्यांचा टप्पा पुढेच होता. म्हणून मी त्या आईला 'मिळेल' असे सांगू शकत नव्हतो, आणि 'मिळणार नाही' असेही.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनला जागे करण्यासाठी १८ कोटी लागतात, त्यालाच काही अंशी जागे करणारी हायड्रॉक्सीयुरियाची साधी गोळी अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. तिने आजार मुळातून जात नाही, परंतु वेदनेचे झटके आणि रुग्णालयाच्या फेऱ्या कमी होतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातील मुलांवर अभ्यास करून दाखवले की, तिची कमी मात्राही गुणकारी ठरते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट होते. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिकांची तपासणी झाली आणि दोन लाखांहून अधिक रुग्ण आढळले. त्या प्रत्येकाला गोळी, लस आणि वर्षभर लक्ष ठेवणारे कोणीतरी मिळणे ही उद्याच्या नव्हे, आजच्या नीतीची कसोटी आहे. दूरच्या चमत्काराकडे पाहताना हाताशी असलेले औषध दृष्टीआड झाले, तर तो चमत्कारही आपल्याविरुद्ध साक्ष देईल.

आणखी एक रोग आहे, ज्यावर कोणतीही कात्री चालत नाही. तपासणीचे कार्ड हाती आल्यावर लग्नाची बोलणी मोडल्याचे मी पाहिले आहे. दोष दोघांकडून येतो हे ठाऊक असूनही बोट मुलीकडेच दाखवले जाते. अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभारली. पुढे कुष्ठरोगावर खात्रीचे औषध आले, जंतू मेला, तरी माणसे माणसांना शिवायला तयार नव्हती. शरीर बरे करण्याचे सामर्थ्य समाज बरा करण्याच्या सामर्थ्यापेक्षा वेगाने वाढते. विवाहपूर्व मार्गदर्शनासाठी दोघेही वाहक असलेले एक जोडपे माझ्याकडे आले होते. मी त्यांना चारांत एक हे गणित सांगितले, बाळाची जन्मतःच तपासणी करता येते हे सांगितले, उपचार सांगितले. आणि गर्भातील बाळ रुग्ण निघाले तरी ते नको असलेले बाळ होत नाही, हे माझे मतही लपवले नाही. त्यांनी काय ठरवले हे सांगण्याचा मला अधिकार नाही. मी त्यांना सत्य सांगितले आणि दार उघडे ठेवले, एवढेच मी सांगू शकतो.

तात्पर्य, मुलीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : पेशी दुरुस्त करणे पाप नाही, विवेकाने आणि दयेने केले तर ते पुण्यकर्म आहे. परंतु त्या पुण्याची पूर्तता प्रयोगशाळेत होत नाही. ती शेवटच्या रुग्णापर्यंत पोहोचण्यात होते. ज्ञान मिळाले असताना ते एका बाजूला राखून ठेवणे, दुसऱ्याच्या रक्तातून शिकून त्यालाच विसरणे आणि हाताशी असलेला साधा उपाय उपेक्षेने वाया घालवणे, या ठिकाणी पाप शोधावे. म्हणून आईचा प्रश्न हा पहिल्या प्रश्नाचाच उत्तरार्ध आहे.

त्या दिवशी ओसरीवर मी हे सर्व काही एवढ्या सुसूत्रपणे बोललो नाही. “पाप नाही,” एवढे मी मुलीला सांगितले. आईला म्हणालो, “मिळेल की नाही, मला माहीत नाही. पण विचारत राहू; मीही तुमच्याबरोबर विचारीन.” मग मला वीस वर्षांपूर्वी न विचारलेला प्रश्न आठवला. मी मुलीला विचारले, “गोळ्या नियमित घेतेस ना?” तिने मान खाली घातली. परीक्षेच्या धावपळीत गोळ्या संपल्या होत्या आणि पंधरा दिवस ती रुग्णालयात गेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली आणि आम्ही तिघे गोळ्या आणायला गेलो.